दुसरं बटण

उत्कर्षा मॅडमच्या वर्गात एक शब्द उच्चारायला बंदी होती. ॲप वापरणारा माणूस 'चुकला' असं कुणी म्हटलं, की तिचा पारा चढायचा. पालघरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती 'मानव-संगणक आंतरक्रिया' असल्या जडजंबाळ नावाचा विषय शिकवायची. म्हणजे साध्या माणसाला वापरता येईल अशी स्क्रीन कशी बनवायची, ते. माणूस अडला तर दोष स्क्रीन बनवणाऱ्याचा, हे ती पहिल्याच तासाला बजावायची. उत्तरपत्रिकेत कुणी 'वापरणाऱ्याची चूक' लिहिलं तर सरळ शून्य. मुलं टरकून असायची.

हा राग पुस्तकातून आलेला नव्हता. तिचे वडील झुंबरराव नगरकडून बोईसरला आले आणि तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात लागले. हाताने व्हॉल्व्ह फिरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग मालकाने संगणकाचं पॅनल आणलं. व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं बटण शेजारी शेजारी, दोन्ही हिरवी, दोन्ही एकाच मापाची. कुण्या दीडशहाण्याने एसीत बसून काढलं होतं, देव जाणे. एका दुपारी झुंबररावांनी बंद करायच्या जागी उघडलं, टाकी उतू गेली आणि सगळा माल वाया गेला. चौकशीचा निकाल एवढाच: कामगाराची चूक. त्यांना घरी बसवलं. पॅनल बनवणाऱ्याचं कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

तेव्हापासून झुंबररावांनी बटणाला हात लावणंच सोडलं. दाराला बेल असली तरी कडी वाजवायचे. लिफ्टपाशी कुणी येईपर्यंत उभे राहायचे. पंखा लावायलासुद्धा बायकोला हाक मारायचे. हे बघतच उत्कर्षा वाढली, आणि ती दोन हिरवी बटणं तिच्या डोक्यात बसली ती बसलीच.

यंदा मुलांनी एसटीचं तिकीट काढायचं ॲप केलं होतं. ते वापरून बघायला एक वयस्कर माणूस हवा होता. उत्कर्षाने वडिलांची महिनाभर मनधरणी केली. बाबांनी एकदा तरी स्वतःच्या हाताने बटण दाबावं, एवढंच तिला हवं होतं. ॲप गेलं खड्ड्यात. शेवटी ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि वर्गासमोर फोन घेऊन बसले.

बराच वेळ बोट अधांतरीच राहिलं. मग त्यांनी दाबलं. बोईसर-वाणगावचं तिकीट निघायच्या ऐवजी भरलेलं सगळंच पुसलं गेलं.

"काका, चुकलं तुमचं," शैलेश बोलून गेला. ते ॲप त्यानेच बनवलं होतं.

उत्कर्षा उसळली. 'पुढे जा' आणि 'रद्द करा' एकाच रंगात, शेजारी शेजारी? वर्षभर मी काय भिंतीशी बोलत होते? तिने त्याला असं फैलावर घेतलं, की पलीकडच्या वर्गातलं शिकवणं थांबलं. मालक, चौकशीवाले, एसीतला तो दीडशहाणा, सगळ्यांच्या वाटचं त्या एकट्या पोराला ऐकावं लागलं.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा तिचं वडिलांकडे लक्ष गेलं. फोन बाकावर पालथा पडला होता आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"बाबा, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली.

"चुकलंच व्हतं. तवाबी चुकलंच व्हतं," झुंबरराव म्हणाले. "पर दुसरं बटण शेजारीच व्हतं, ते मला दिसलं व्हतं. बोट उचललंबी व्हतं. तेवढ्यात सायेब वरडला अन् मला मागं वढलं. आताबी उचललंच व्हतं, तर तू वरडलीस."

उत्कर्षाला स्वतःचाच इतका संताप आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फोन सुलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. शैलेश दाखवायला पुढे झाला, त्याला तिने हातानेच अडवलं.

झुंबररावांनी चष्मा सारखा केला. बोट पुन्हा त्याच चुकीच्या बटणाकडे निघालं होतं. उत्कर्षाला ते स्पष्ट दिसत होतं, आणि ती गप्प राहिली.