साडेचार फुटांवरचा घेर

डोंबिवलीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नर्सने मला भिंतीला टेकून उभं केलं आणि म्हणाली, "पाच-चार."

"पाच-सहा," मी म्हणाले. "नीट बघा."

तिने पट्टी पुन्हा डोक्यावर टेकवली. "पाच-चारच आहे, आजी."

आजी म्हटल्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आत डॉक्टर मणके झिजल्याचं समजावत होते. "दहा-एक वर्षांत हळूहळू उतरली असणार उंची," एवढंच माझ्या कानात शिरलं. हाडांचं काय व्हायचं ते होवो, मला माझी झाडं दिसत होती.

माझं सगळं आयुष्य येऊरच्या डोंगरातल्या एका तुकड्यातली झाडं मोजण्यात गेलं. दर जानेवारीत प्रत्येक झाडाचा घेर टेपने घ्यायचा, तोही जमिनीपासून बरोबर साडेचार फुटांवर. खोड खाली जाड असतं, त्यामुळे टेप जरा खाली घसरला की आकडा फुगतो. बाकीचे लोक त्यासाठी मापाची काठी नेतात. मी नेत नसे. वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत मला सगळे 'शिडी' म्हणून चिडवायचे, पण कामाच्या पहिल्याच दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांनी माझं माप घेतलं तर खांद्याचं हाड बरोबर साडेचार फुटांवर निघालं. "तुला काठी कशाला? तूच काठी," ते म्हणाले. माझ्या उंचीचं कौतुक तेव्हा पहिल्यांदाच झालं. मग टेप कायम माझ्या खांद्याच्या रेषेत, आणि धरणार मीच. टेप कुठे धरायचा याची रंगाची खूण झाडांवर करायलाही मी कधी कबूल झाले नाही.

याच आकड्यांवर मी लिहिलं, की शहर पायथ्याशी येऊन टेकलं तरी हे जंगल वाढतंय. गेल्या दहा वर्षांत तर जोमाने वाढतंय. तो शोधनिबंध खूप चालला. परिषदांमध्ये लोक त्याचा दाखला देत आणि मी उगाच संकोचल्यासारखं दाखवत असे. आता जर खांदाच खाली आला असेल, तर जंगल कशावरून वाढलं?

ठाकुर्लीला घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. दहा वर्षांपूर्वीपासून आकडे चढू लागलेले, सगळ्या झाडांचे एकदम. वह्या मिटून मी कपाटात कोंबल्या. चार दिवस जेवण गेलं नाही. आपण सांगितलं नाही तर कुणालाच कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

पाचव्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती दिवा स्टेशनजवळ राहते. आता ती स्वतः कॉलेजात शिकवते, पण दर जानेवारीत रजा टाकून माझे आकडे लिहून घ्यायला येते. तिचा मोठा निबंधही याच आकड्यांवर उभा.

"मापं पुन्हा घ्यायचीत. येशील?"

"येते मॅडम," ती म्हणाली. का, ते तिने विचारलं नाही. त्याने मी आणखीच धास्तावले.

डोंगरात पहिलं झाड ऐनाचं. मी सुरुवात केली, "माझी उंची..." तिने सॅकमधून दोन तुकड्यांची एक काठी काढली आणि जोडली. बरोबर साडेचार फुटांची.

मी काठी ओळखली. म्हणजे हीच नव्हे, हिच्यासारखी दुसरी. काही वर्षांपूर्वी ही मुलगी अशीच एक काठी घेऊन आली होती, आणि "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ओरडून मी ती सगळ्यांदेखत गुडघ्यावर मोडली होती.

"ही कधी केलीस?"

"त्याच आठवड्यात. दरवर्षी आणायचे, पण बाहेर काढायची डेरिंगच नाही झाली."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"टेप खाली येतोय असं वाटायचं. पण तुम्हाला कोण सांगणार, मॅडम?"

"आणि तुझा निबंध?"

"तयार आहे कधीचा. पाठवला नाही."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. आयुष्यभर मी सगळ्यांना धाकात ठेवलं, आणि मला त्याचा अभिमानही होता. तिने काठी खोडाला लावली. माझा खांदा टोकाच्या तीन बोटं खाली होता. तिने टेप गुंडाळला आणि पहिल्यांदाच वही-पेन्सिल माझ्या हातात आली. तिने आकडा वाचला. दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याच्या तो केसभर पुढे होता. झाड जवळजवळ वाढलंच नव्हतं.

पुढचं झाड दहा पावलांवर होतं. तिथे जायची मला भीती वाटत होती, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक झाडाची.

"तू वाच," मी म्हणाले. "मी लिहिते."