कागदावरची मावशी

कोळीवाड्यातून मी निघाले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. चौऱ्याऐंशी साल. ओट्यावर सुकट पसरलेली होती आणि आई तिच्यावरचे कावळे हाकलता हाकलता मोठ्यानं बोलत होती, "पारू डोंबिवलीला चालली, हिराकडं. तिकडं नोकरीचं बघनार हाय तिचा भावजी." हे ती मला सांगत नव्हती. समोरच्या आणि शेजारच्या ओट्याला सांगत होती. मला जे सांगायचं ते तिनं आदल्या दिवशी दार लावून सांगितलं होतं.

माझा नवरा काविळीनं गेला त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी तेवीस वर्षांची, पदरात मूल नाही. माझी मोठी बहीण हिरा लग्न होऊन डोंबिवलीला राहत होती. भाऊजीही आपल्यातलेच, पण शिकून सरकारी कचेरीत हेडक्लार्क झालेले. लग्नात त्यांनी तिचं नाव बदलून हेमलता केलं होतं. आठ वर्षं झाली तरी तिला मूल होत नव्हतं. सासू दुसरी मुलगी बघत होती. दुसरं लग्न कायद्यानं बंद आहे म्हणून सांगितलं तर सासू म्हणायची, कायदा काय आमच्या घरी जेवायला येतो?

मग कुणा डॉक्टरनं भाऊजींना सांगितलं, दोष तुमच्यात नाही. दुसऱ्या बाईच्या पोटी तुमचं मूल वाढवता येईल, सगळं दवाखान्यात होतं. दुसरी बाई म्हणजे कोण, हे ठरवायला माझ्या घरच्यांना एक दुपार पुरली.

"इंजेक्शनानं व्हतं गो सगला," आई म्हणाली. "कोन अंगाला हात नाय लावत. बहिनीचा संसार मोडंल, तो बघत बसशील? तुला तरी काय करायचा हाय हितं राहून?"

शेवटचं वाक्य ती सहज बोलली. मी ते चाळीस वर्षं विसरलेले नाही. विधवा मुलीला घरात काही करायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुम्ही कोळीवाड्यातली माणसं अजून विचारता, पारू जत्रेला का येत नाही, मोठी शहरवाली झाली का. आणि माझ्यासारख्याच बाहेर पडलेल्या बाया भेटतात, त्या म्हणतात, जाऊ दे, झालं गेलं. मी कोणाचंच ऐकून सोडून देणारी नाही. म्हणून एकदा लिहून टाकते.

भाऊजी कचेरीतला माणूस. त्यांचा तोंडी शब्दावर विश्वास नव्हता, कागदावर होता. दवाखान्यात जायच्या आधी ते आम्हा दोघी बहिणींना कल्याणच्या कोर्टाबाहेर घेऊन गेले. तिथल्या एका टायपिस्टकडून त्यांनी स्टॅम्पपेपरवर करार करून घेतला. पार्वतीच्या पोटी जे मूल जन्मेल ते हेमलता आणि तिच्या नवऱ्याचं. पार्वती त्या मुलावर हक्क सांगणार नाही. आणि त्याबदली पार्वती त्या घरात मुलाची मावशी म्हणून तहहयात राहील, तिला कोणीही घराबाहेर काढणार नाही.

ते शेवटचं कलम माझं. मीच हट्टानं घालायला लावलं. मला दुसरं काही नको होतं. मॅट्रिक पास झालेली कोळीवाड्यातली मी तिसरी मुलगी, कागद वाचता येत होता, म्हणून मला मी फार हुशार वाटले. सही करताना भाऊजी म्हणाले, "बघा, आता दगडावरची रेघ." टायपिस्टनं मान हलवली. त्याला काय, तो दिवसाला असे पन्नास कागद टाइप करत असणार.

चौथा महिना लागला तसं आम्ही दोघी डोंबिवलीहून आंबिवलीला भाड्याच्या खोलीत आलो. डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये सांगितलं, हेमलताला दिवस गेलेत, डॉक्टरनं आराम सांगितलाय, ती माहेरी चाललीय. आणि आंबिवलीच्या चाळीत सांगितलं, ही पोटुशी आहे ती हेमलता, आणि सोबत आहे ती तिची बहीण पार्वती. थोडक्यात, आम्ही नावांची अदलाबदल केली. चाळीतल्या बायका मला हेमाताई म्हणायच्या आणि माझ्या ताईला पारू.

खोटं बोलायचे ते पाच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे गेले, आता काय म्हणायचं ते म्हणा. डोंबिवलीत ताई मला "नाय नको म्हणू, नाही म्हण" असं टोकायची. शेजारी वास जाईल म्हणून मासळी तिनं बंदच केली होती. आंबिवलीला आल्यावर ती पुन्हा हिरा झाली. कल्याणच्या बाजारातून कोळंबी आणायची, माझ्या पायाला तेल लावायची, पोटावर कान ठेवून म्हणायची, "लाथ मारतंय गो, माझीच पोर हाय." मी म्हणायचे, "तुझीच, घे." तेव्हा ते म्हणणं जड जात नव्हतं.

एकदा मात्र बाजारात मी तिच्यासोबत गेले आणि आपल्यातल्याच एका बाईनं मला पाहिलं. पुढे आलेलं पोट, आणि विधवेच्या कपाळावर कुंकू. बाईनं पोट बघितलं, कपाळ बघितलं आणि पाठ फिरवून चालू लागली. तिनं कोळीवाड्यात काय सांगितलं असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

बाळंतपणाला मला दवाखान्यात हेमलता म्हणूनच दाखल केलं. तीन दिवस नर्स हेमलताबाई म्हणून हाक मारत होती आणि मी ओ देत होते. फॉर्मवर सहीसुद्धा मीच केली, ताईच्या नावानं, तिच्यासारखं वळण काढून. मुलगी झाली. जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून हेमलता लागली. नाव ठेवलं अश्विनी, हाक मारायला आशू.

आपल्याकडे मूल द्यायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पाचवीला किंवा बारशाला चार माणसांसमोर आई उठते, मूल दुसरीच्या ओटीत घालते आणि म्हणते, आजपासून हे तुझं. माझ्या आतेनं तिचा धाकटा असाच जावेच्या ओटीत घातला होता, अख्खा कोळीवाडा जेवला होता. आईनं हे काढलं तेव्हा भाऊजी हसले. "अहो, आपल्याकडे करार आहे. ओटीबिटी कशाला? लोकांना कळायला?" आईलाही ते पटलं. विधवेचं मूल भर आवारात कोण दाखवणार? मी आशूला दवाखान्याच्या मागच्या दारी रिक्षात ताईच्या हातात दिली. कोणी बघितलं नाही. त्यासाठीच तर सगळी धडपड होती.

डोंबिवलीच्या घरात मी मावशी झाले. आशूला अंगावर मीच पाजत होते, आतल्या खोलीत, कडी लावून. बाहेर ताई बारशाच्या भेटी घेत होती. ताईनं आशूला मम्मी म्हणायला शिकवलं, तेव्हा त्या बिल्डिंगमध्ये सगळ्याच मम्म्या होत्या. मला मावशी म्हणायला शिकवलं. पण पोर अडीच वर्षांची झाली आणि एका दुपारी जिन्यावर पडली. तिचा गुडघा फुटला. तिथे ताई होती, मीही होते, समोरच्या देशपांडेकाकूही होत्या. आशू ताईला ओलांडून माझ्याकडे आली आणि रडत म्हणाली, "आई."

तिला कोणी शिकवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, मीही नाही.

दोन दिवसांनी मी दूध घेऊन आले तर माझी पिशवी दाराबाहेर होती. कपड्यांच्या इस्त्रीसारख्या घड्या घातलेल्या. ताई दारात उभी. "तुला इथं राहून काय करायचंय, पारू? तुझं वय काय, कुठेतरी बघ ना." तेच वाक्य. फक्त "नाय"ऐवजी "नाही" म्हणणाऱ्या तोंडातून.

मी तो स्टॅम्पपेपर घेऊन कल्याणला एका वकिलाकडे गेले. म्हातारे गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, हा कागद कोणत्याही कोर्टात टिकणार नाही. जन्माला न आलेलं मूल देण्याचा करार होत नाही. मूल ही वस्तू नाही, त्याची लिखापढी करता येत नाही."

"मग माझं कलम? मला घरातून काढायचं नाही ते?"

"ते याच कराराचं कलम आहे. करारच नाही तर कलम कुठलं?"

"मग मूल कोणाचं?"

"जन्म दिलात तुम्ही, तर कायद्यानं तुमचं. दत्तक द्यायचं असतं तर जन्मानंतर, उघड, तुम्ही स्वतः मूल त्यांच्या ओटीत घालायचं होतं. तेवढं देणं-घेणं कायदा मानतो. तसं केलंत का?"

मी हसले, असं मला आठवतं. आमच्या अडाणी रीतीला कायदा मान देत होता आणि हेडक्लार्कच्या कागदाला विचारत नव्हता. जे चालणार होतं तेच आम्ही लपवलं होतं.

"म्हणजे मी तिला परत आणू शकते?" मी विचारलं.

वकिलांनी जन्माचा दाखला मागितला, त्याची नक्कल मी जवळ ठेवली होती. बघून दाखला खाली ठेवला. म्हणाले, "इथं आई हेमलता आहे. खोट्या नावानं सही कुणी केली? तुम्ही. ते सिद्ध करायला आधी स्वतःचा गुन्हा कबूल करा. मग मुलीचा बाप कोण ते सांगा, आणि लग्न कुठे झालं ते सांगा. ते झालं की ती मुलगी तुमची. आणि शाळेत तिला काय म्हणतील त्याचाही विचार करा." फी न घेता त्यांनी मला उठवलं. भला माणूस होता, पण भलेपणा काय करायचा होता मला?

आईला निरोप पाठवला, मी घरी येते. उत्तर आलं, "दार उघडाच हाय, पन आत्ता नको येऊ. लोक बोलतात." ते "आत्ता" आई जाईपर्यंत संपलं नाही.

मग कुठे जाणार? आंबिवलीला गेले, कारण तेवढंच एक ठिकाण माहीत होतं. चाळीची मालकीण मला बघून धावत आली. "हेमाताई! बाळ कुठाय?" मी पिशवी खाली ठेवली. तिनं पिशवी बघितली, माझं तोंड बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. दुपारपर्यंत सगळी चाळ माझ्या खोलीत येऊन बसली होती. एकीनं भात आणला, एकीनं चहा. जिवंत पोरीचं सांत्वन मी बसून घेतलं. नाही म्हणायला मला जमलं नाही. खरं सांगायचं तर कोणीतरी माझ्यासाठी रडतंय, हे मला बरं वाटलं.

तिथूनच मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला लागले, औषधांच्या एका छोट्या कंपनीत, पॅकिंगला. रोज डोंबिवलीला उतरायचे आणि ज्या रस्त्याला आशूची शाळा होती तो सोडून लांबून चालत जायचे. एवढा अभिमान मला परवडत होता.

दहा वर्षांनी ताई माझ्या खोलीत आली. भाऊजी हार्टअटॅकनं गेले होते, ते मला पॅकिंगमधल्या एका बाईकडून कळलं होतं. ताई खाटेवर बसली आणि बोलली ती थेट कोळीवाड्याचं.

"पारू, त्यांच्या थोरल्या भावानं घरावर दावा टाकलाय गो. म्हनतो पोर हिची नायच. कुनाकडनं कल्लं देव जाने. तुला साक्षीला बोलावनार हायत."

माझ्या छातीत काय झालं ते सांगते. आनंद झाला. दहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारणार होतं, पारू, मूल कोणाचं?

"तू खरं सांगितलंस तर पोरीला त्या घरात उभं करनार नायत," ताई म्हणाली. "वकील बोलला, करार बाद, दत्तक नाय, तिचा बापाच्या घराच्या एका कवलावरपन हक्क नाय. पोर रस्त्यावर येल, पारू. माजी चूक झाली. ह्या खेपेला तू कायमची ये राहायला."

"बोलण्यावर की कागदावर?" मी विचारलं. मी तिला चहाही दिला नाही.

कल्याणच्या कोर्टात मी पिंजऱ्यात उभी राहिले. खरं सांगेन म्हणून शपथ घेतली. समोरच्या बाकावर ताई बसली होती आणि तिच्या शेजारी बारा वर्षांची आशू, दोन वेण्या, शाळेचा युनिफॉर्म. तिला कशाला आणली होती ते न कळण्याइतकी मी भोळी राहिले नव्हते. थोरल्या भावाच्या वकिलानं विचारलं, "पार्वतीबाई, तुम्हाला कधी मूल झालं आहे का?"

मी आशूकडे बघितलं. नाक माझ्या आईचं. पोरगी ताईचा दंड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"नाही," मी म्हणाले. "मला मूलबाळ झालेलं नाही."

बाहेर व्हरांड्यात आशू धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. अडीच वर्षांची होती त्यानंतर पहिल्यांदा. म्हणाली, "थँक्यू मावशी. मी इतकी घाबरले होते ना! मला वाटलं, तू हो म्हणतेस की काय."

मी तिची वेणी नीट केली. म्हटलं, "वेडी आहेस का?"

दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. राहायला ये म्हणून निरोप आला नाही, मीही वाट बघितली नाही. तुम्ही विचारता, तुझं घर आता कुठलं, कोळीवाडा की आंबिवली? घर म्हणजे जिथून तुम्हाला कोणी काढू शकत नाही ती जागा, एवढंच मला कळतं. तसं घर मी एकीला मिळवून दिलं. त्यासाठी मला ती माझी नाही असं सांगावं लागलं, आणि ते ऐकून ती मला थँक्यू म्हणाली.