दाजींचं गार पाऊल

आमच्या दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, इस्त्रीचं दुकान. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात माझं शिलाई मशीन. दाजी दिवसभर उभे आणि मी बसलेली, त्यामुळे माझ्या नजरेसमोर सतत त्यांचे पाय. माणूस एक नंबरचा हट्टी. सिगारेट सोडा म्हटलं की इस्त्री जरा जोरातच आपटायचे.

गेल्या हिवाळ्यात घरी जाताना ते सारखे थांबायला लागले. थोडं चाललं की पोटरीत गोळा यायचा. पण तोंडानं कबूल करतील तर शपथ. कुठल्यातरी दुकानाच्या काचेपुढे उभं राहून आतला माल न्याहाळल्यासारखं करायचे. एकदा बायकांच्या चपलांपुढे चांगलेच रेंगाळले. “ताईसाठी बघताय, की आणखी कुणासाठी?” मी चिडवलं. ते हसले नाहीत.

मग त्यांचं उजवं पाऊल गार पडायला लागलं. दवाखान्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांचे वडील अंगठ्याची जखम दाखवायला गेले होते, ते गुडघ्याखालचा पाय गमावून परत आले. “दाखवला की कापतात,” दाजी म्हणायचे. ताईला हे ऐकवायचं नाही. ती उठून आत जायची.

शेवटी दाजींनी आपल्या धंद्यातलाच उपाय काढला. जुनी इस्त्री तापवून चादरीच्या घडीत गुंडाळायची, टेबलाखाली ठेवायची आणि तिच्यावर पाऊल टेकून काम करायचं. कुठलं कापड किती उष्णता सोसेल, हे त्यांच्या हाताला बरोबर कळायचं. पायालाही कळत असेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

एका दुपारी जळकट वास आला. दाजींनी झटकन हातातली इस्त्री उचलली, शर्ट उलटसुलट करून पाहिला. “इथे तर काही नाही. तुझ्याकडे काही जळतंय का गं?”

मी खाली पाहिलं. चादरीची घडी सरकली होती. मोजा तापलेल्या इस्त्रीला चिकटून धुमसत होता, मोज्यात दाजींचं पाऊल होतं, आणि दाजी शांतपणे मला शर्ट दाखवत होते. 

“दाजी, पाय काढा.”

“का? काय झालं?”

त्याच संध्याकाळी ताईनं आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पावलावर, घोट्यामागे बोटं ठेवून नाडी शोधली. मग एक छोटं यंत्र लावलं. डाव्या पायावर ते धपधप वाजलं. उजव्यावर काहीच नाही. त्यांनी यंत्र जरा सरकवून पाहिलं. तरी काही नाही.

“रक्त पोचत नाही म्हणून पाऊल गार आणि बधिर आहे,” त्या म्हणाल्या. “शेकून रक्त पोचत नाही, नुसतं भाजतं. चालताना पोटरी दुखायला लागली तेव्हाच यायचं होतंत.”

“कापणार का?” ताईनं विचारलं.

“तेच टाळायचंय. मांडीतली रक्तवाहिनी तुंबली आहे. आतून फुगा घालून ती उघडून बघू. सिगारेट मात्र आजपासून बंद.”

“आणि नाही उघडली तर?”

 दाजींनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. 

फुगा घालायला आत नेताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “मी गुंगीत असताना त्यांना कापू देऊ नकोस.” मी कोण अडवणार? पण मान हलवली. त्यानंतर बाहेरच्या बाकावर ताईनं आणि मी एकमेकींकडे बघणंच टाळलं. 

दाजींना खाटेवर आणून ठेवलं तेव्हा त्यांच्या अंगावर छातीपर्यंत चादर होती. ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. “माझ्यानं बघवणार नाही. तू बघ आणि मला सांग.”

मी पायाकडची चादर उचलली. पाऊल होतं. भाजल्या जागी पट्टी होती. मी बोटांवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले.

“ताई, गरम आहे.”

ती गर्रकन वळली. चेहरा पांढराफटक. “कोणी शेकलं?”

“कुणीच नाही,” मी म्हटलं.