अण्णांचा प्लॅटिपस

आमच्या घरात कुणीही प्रवासाहून आलं की बॅगेतून कपडे कमी आणि किस्से जास्त निघतात. मेल्बर्नहून परतून कित्येक महिने झाले, पण मालवणात माझ्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला आलेला माणूस अजून एखादा किस्सा ऐकूनच जातो. निम्मे किस्से एकाच दिवसाचे. त्या दिवशी आम्ही तिथल्या प्राण्यांचं अभयारण्य बघायला गेलो. मी, थोरले भाऊ अण्णा, वहिनी आणि तिथेच राहणारी त्यांची मुलगी सुजाता.

अण्णा फक्त प्लॅटिपससाठी आले होते. नोकरीभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. "तोंड बदकाचं, अंगावर केस, अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो" म्हटलं की वर्ग खो खो हसायचा. एकदा एकाने विचारलंच, "गुरुजी, तुमी बघलास काय?"

अण्णांना "नाही" म्हणावं लागलं. ते त्यांना अजून सलत होतं. आणि अभयारण्याच्या फेरीनंतर दुसऱ्याच दिवशी आमचं परतीचं विमान!

*

पहिला भेटला कांगारू. सावलीत कोपरावर डोकं टेकून पसरलेला.

"भावोजी, ह्यो तुमचोच भाव दिसता! जेवलो काय आडवो!" वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारच्या मादीच्या पोटावरच्या पिशवीतून एक इवलंसं डोकं बाहेर आलं. वहिनींनी नकळत पदर सावरला.

*

कोआला निलगिरीची पानं खात होता. वहिनींनी खाली पडलेलं एक पान चुरगळून हुंगलं.

"म्हणान मेल्याक कधी सर्दी होवची नाय!"

*

एमूचा नर अंड्यांवर बसला की आठवडेच्या आठवडे काही खात नाही, असं तिथे माहिती देणाऱ्या बाईंनी सांगितलं. सुजाताने ते मराठीत सांगितल्यावर वहिनींनी अण्णांकडे रोखून पाहिलं.

अण्णा म्हणाले, "तू इतक्या बरा रांधतंस, मी उपाशी कसो रवतलंय गो?"

*

प्लॅटिपसच्या अंधाऱ्या खोलीत मोठी काचेची टाकी होती. टाकीत पाणी, ओंडके, आणि बाकी काहीच नाही! अर्धा तास झाला, तास झाला. बाई येऊन म्हणाल्या, दहा मिनिटांत बंद करणार. बाकावर आम्ही ओळीने बसलो होतो; अण्णा काचेवरून नजर हटवेनात. मला त्यांच्याकडे बघवेना.

वहिनींनी हात जोडले. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, पुरुष घालतात, पण त्या थांबल्या नाहीत.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, तेका सांगतंय. ह्यांनी जल्मभर पोरांका जा शिकवल्यानी, ता एकदा ह्यांच्या डोळ्यांका दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी आणि सुजाता म्हणालो. बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्याही हळूच "येस" म्हणाल्या.

ओंडक्यामागून बुडबुडे आले. मग चोच, आणि मग सगळा प्लॅटिपस! केसांत अडकलेली हवा चांदीसारखी चमकत होती. तो काचेला लागून सुळकन पोहत आला आणि अण्णांच्या अगदी समोर क्षणभर थांबला.

अण्णा दुखरे गुडघे सावरत उठले आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "वर्ग, उभे राहा! पाहुणे आले आहेत."

आम्ही उभे राहिलो. "एक साथ नमस्ते"सुद्धा म्हणालो!