दचकण्याची तयारी

पेण स्टँडवरचे आमचे कंट्रोलर रोह्याची गाडी लागल्याचंसुद्धा राजाने फर्मान सोडावं तसं सांगतात. गेल्या महिन्यात त्यांनी जुन्या नाटकातला दरबाराचा प्रवेश स्टँडवर अचानक करायचं ठरवलं.

"कोणाला बोलू नका हां, लोक दचकले पायजेत," असं त्यांनी माझ्या कानात सांगितलं. तसंच ते वडखळपर्यंत प्रत्येकाच्या कानात सांगून आले. रविवारी सकाळी दहाच्या ठरलेल्या वेळेआधीच सगळे पुढची जागा धरून, मोबाइल काढून बसले.

शेजारच्या म्हातारीने मला दोनदा विचारलं, "कवा दचकायचं हाय?"

पुठ्ठ्याचा मुकुट घालून कंट्रोलर केबिनमधून गरजत आले. आम्ही दचकलो. म्हातारी किंचाळलीच.

प्रवेश संपल्यावर घाम पुसत त्यांनी तिला विचारलं, "आजी, आधी काय पत्ता होता काय याचा?"

"नाय रं बाबा. अजून छाती धडधडते."