झाकलेले नकाशे

राजधानीचा मान इंदूरऐवजी भोपाळला मिळून पंधराएक वर्षं झाली होती, पण आम्हा इंदूरकरांचा राग गेला नव्हता. माझा त्याहून जुना राग घरातच होता. वडील गेल्यावर मी सातवीनंतर शाळा सोडून सियागंजच्या बाजारात खिळे-बोल्ट विकले, म्हणून धाकटा भाऊ शिकला आणि कॉलेजात फिजिक्स शिकवू लागला. त्याने हे कधी बोलून दाखवलं नाही. मी कधी विसरलो नाही.

त्या उन्हाळ्यात त्याचा पीएच.डी.चा प्रबंध संपत आला होता. काही दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट पुंजक्यांच्या, पोटातून उलटसुलट दिशांना दोन झोत निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, रेडिओ दुर्बिणीला कळतात. लांबट दीर्घिकेतून ते लांब अंगाने निघतात की आखूड, हा त्याचा प्रश्न.

"आखूड अंगाने, दादा. जवळजवळ सगळे."

सगळा माल एक नंबर म्हणणाऱ्याकडून मी कधी पेटी उचललेली नाही. काम बघत बसलो. दीर्घिकेचा फोटो म्हणजे धुरकट डाग. त्यावर तो लांबीची रेघ ओढायचा, पण त्याआधी दर वेळी त्याची नजर शेजारी ठेवलेल्या, रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या झोताच्या नकाशावर जायची.

"बेटम्याच्या गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा कापडाखाली बोटं धरून का करतात रे?"

"हे बैल नाहीत, दादा."

"बैल परवडला, शिंगं तरी दिसतात! दुसऱ्याचा भाव दिसला की आपला तिकडे सरकतो, म्हणून झाकतात. तू उघड्यावर सौदा करतोयस, भिया."

"म्हणजे मी चोर?"

"चोराला निदान ठाऊक असतं. सातवी पासाचं ऐकायची लाज वाटते का?"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने नकाशे कपाटात ठेवले आणि किल्ली माझ्यापुढे टाकली. ज्यांना लांब-आखूड अंगच नाही असे अगदीच गोल डाग बाजूला काढून बाकीच्यांवर नुसत्या फोटोवरून पुन्हा रेघा ओढल्या. मग मी कुलूप उघडलं, आणि त्याने रेघा नकाशांशी ताडून पाहिल्या.

कल आखूड अंगाकडेच होता, पण पुष्कळ झोत तिरपे निघाले. 'जवळजवळ सगळे' हे शब्द आता लिहिता येत नव्हते, आणि मार्गदर्शकांना तर त्याने ते कळवून टाकले होते. बराच वेळ तो कोनमापक फिरवत बसला. मग त्यांना नवं पत्र लिहिलं आणि आधीच्या रेघांच्या कोनांचा जुना तक्ता माझ्यासमोर फाडून टोपलीत टाकला.

तो अंघोळीला गेल्यावर, फाडला तो खरंच तोच का, हे बघायला मी टोपलीतले तुकडे जुळवून पाहिले. तोच तक्ता होता.