गेरूचे आकडे आणि ड्रेस्डेनचं दार

जर्मनीला जायचं ठरलं ते मुक्तामुळे, असं मी गावभर सांगितलं. मुक्ता आमची मुलगी. ड्रेस्डेनला नोकरी करते आणि दोन वर्षं ‘बाबा, या की’ म्हणते आहे. पण या ब्लॉगच्या वाचकांशी खोटं बोलायचं नाही असा माझा नियम आहे, म्हणून सांगतो: मी दगडांना चुकवून पळालो होतो.

शहागडपासून थोडं आत, गोदाकाठी आमचं गाव. तिथल्या महादेवाच्या मंडपात पिंपळाची मुळं शिरली आणि खांब कलले. मंडप उतरवायचा आणि तेच दगड पाथरवटाकडून पुन्हा उभे करायचे, असं दिवाळीनंतर ठरलं. दगडांवर आकडे घालायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला गाव दुसरं काय काम देणार? पाथरवट ऑइलपेंटचा डबा घेऊन आला होता. मी म्हणालो, देवाच्या पाषाणाला ऑइलपेंट? शिव शिव! मग मी गेरू कालवला आणि वळणदार अक्षरात प्रत्येक दगडावर दिशा, थर, क्रमांक लिहिला. स्वतःवरच खूश होतो.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी कौसाबाईंच्या पुढारपणाखाली गावातल्या बाया घागरी घेऊन आल्या. मंडप उतरला म्हणून काय झालं, दगड तर देवाचेच. त्यांनी एकूण एक दगड काथ्यानं घासून धुतला. भक्तीत कुठेही कसर नव्हती. माझा आकडा एकही उरला नाही.

पाथरवटानं हात जोडले. मंदिर समितीनं ठरवलं की सिमेंटचा स्लॅब टाकायचा, वर चकचकीत टाइल्स, आणि जुने दगड घाटाच्या भरावात घालायचे. समितीत मीही असल्यानं ठरावावर एकच सही बाकी होती, ती माझी. सगळा घोळ माझ्या गेरूनं केलेला, तेव्हा विरोध कुठल्या तोंडानं करणार? मी उन्हाळ्याच्या सुट्टीचं तिकीट काढलं.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: व्हिसाची तयारी तीन महिने आधी सुरू करा. आम्ही जालन्याहून रेल्वेनं मुंबई, तिथून विमानानं फ्रँकफुर्ट आणि पुढं साडेचार-पाच तास पुन्हा रेल्वे असे गेलो. तिकडच्या रेल्वेचं तिकीट आधी काढलं तर निम्म्यात पडतं. सामानात पत्नीनं, म्हणजे सुनंदानं, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा इतका भरला होता की माझ्या स्वेटरला मुंबईतच उतरावं लागलं. मे महिन्यात तिकडे सकाळी चांगलीच थंडी असते. ठेचा अंगावर पांघरता येत नाही, हे मी तिला चार वेळा सांगितलं.

फ्रँकफुर्टला गाडीत बसतो न बसतो तोच भगवानचा फोन. भगवान माझा चौथीपासूनचा वर्गमित्र आणि मंदिर समितीचा अध्यक्ष.

“अरे पंडिता, तू तिकडं थंड हवा खाऊन राह्यला, अन् इथं जेसीबीवाला रोज मला इचारून राह्यला, दगड कधी उचलू. सही करून गेला अस्ता तर काय बिघडलं अस्तं?”

“आल्यावर करतो.”

“रविवारी बैठक हाय. सोमवारी दगड भरावात. मंग तू सही कर न्हाई तर अभंग म्हण.”

आम्ही शनिवारी घरी पोचणार होतो. मी खिडकीतून पिवळीधमक मोहरी बघत राहिलो. शेतं इतकी नीटनेटकी की कुणी इस्त्री केल्यासारखी.

पहिल्या दिवशी मुक्तानं आम्हाला जुन्या शहरात नेलं. ट्रामचा दिवसभराचा पास घ्या, पण खरं तर जुनं शहर पायीच बघायचं. एका राजवाड्याच्या भिंतीवर पोर्सेलीनच्या फरश्यांची शंभर मीटर लांब मिरवणूक आहे. घोड्यांवर बसलेले राजे एकामागून एक चालले आहेत. त्सविंगर नावाच्या प्रासादात कारंजी, कमानी, कमानींवर पुतळे आणि पुतळ्यांच्या डोक्यावर कबुतरं. सुनंदा म्हणाली, “अहो, इथल्या बायकांना झाडझूड किती पडत असेल!” मला मात्र एल्बे नदीच्या काठावर उभं राहिल्यावर समोरचं सगळं शहर एखाद्या दीर्घ समासासारखं वाटलं. शब्दात शब्द गुंतलेला, तरी अर्थ एक.

“बाबा, यातलं बहुतेक सगळं पडलं होतं,” मुक्ता म्हणाली. “फेब्रुवारी १९४५. दोन दिवसांत.”

मी पुन्हा बघितलं. विश्वास बसेना.

दुपारी बटाट्याचं सूप आणि पाव. शाकाहारी लोकांनी घाबरू नये, बटाटा या देशानं आपल्यापेक्षा जास्त मनावर घेतला आहे. सुनंदानं पर्समधून चटणीची पुडी काढून सूपवर भुरभुरली, तेव्हा वेटरनं वाकून वास घेतला आणि स्वतःहून दुसरा चमचा आणून दिला. त्यानंही चाखली. मग पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी फ्राउएनकिर्शे. मोठ्या चौकातलं, प्रचंड घुमटाचं चर्च. आत जायला पैसे लागत नाहीत. घुमटावर चढायला तिकीट आहे, पण चढाच. मी चौकात आलो आणि पाय थांबले. फिकट, पिवळसर दगडाच्या भिंती, आणि त्यात मध्येमध्ये काळेभोर दगड. कुठे एकटाच, कुठे चार-पाच एकत्र. उजळ अंगावर तीळ असावेत तसे.

“काळे दगड जुने,” मुक्ता म्हणाली. “ढिगाऱ्यातले.”

आगीनंतर दोन दिवस चर्च उभं होतं. मग कोसळलं. पंचेचाळीसहून जास्त वर्षं तो ढिगारा चौकात तसाच पडून होता. पुढे देश एक झाल्यावर लोकांनी तो उपसायला घेतला. एकेक दगड मोजला, फोटो काढला, कुठे पडला होता त्यावरून तो कुठून पडला असेल हे ताडलं, आणि बसेल तो दगड त्याच्या जागी बसवला.

एका काळ्या दगडावर हात ठेवून मी विचारलं, “त्या दगडांवर आकडे होते का गं?”

“कोसळणाऱ्या इमारतीवर कोण आकडे घालून ठेवेल, बाबा?”

आत गेलो. पिस्ता, गुलाबी, फिकट पिवळा असे रंग, आणि घुमटातून खाली येणारा उजेड. हजारो तुकडे जोडून उभी केलेली वेदी. बाजूला वाकलेला, जळका जुना क्रूस. वरचा नवा क्रूस घडवणाऱ्या कारागिरांमधल्या एकाचे वडील बाँब टाकणाऱ्या विमानांत वैमानिक होते म्हणे. सुनंदानं नकळत चपला काढल्या.

दाराजवळ एक पांढऱ्या केसांच्या आजी पाहुण्यांना माहिती देत होत्या. मी मुक्तामार्फत विचारलं की दगडांचं कळलं, पण हे लाकडी कोरीव दार तर जळालं असेल, ते हुबेहूब कसं केलं?

आजी हसल्या. म्हणाल्या, धड नकाशा नव्हताच. मग लोकांना आवाहन केलं, जुने फोटो द्या. पूर्वी इथे लग्न लागलं की जोडपं याच दारात उभं राहून फोटो काढायचं. लोकांनी लग्नाचे अल्बमच्या अल्बम आणून दिले. “माझ्या आईवडिलांचाही दिला. फोटोत आईचा चेहरा हलला आहे. दार मात्र अगदी स्पष्ट आलं होतं!”

मी सुनंदाकडे बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती.

“आपला फोटो,” ती म्हणाली. “मंडपातला. त्या खांबाच्या कमळाची पाकळी फुटकी होती, माझा पदर तिथंच अडकला होता. तुम्ही सोडवलासुद्धा नाहीत.”

आमच्या गावात लग्न लागलं की नवरानवरी उपरण्याची गाठ तशीच ठेवून महादेवाला येतात आणि मंडपातल्या खांबाशी उभं राहून फोटो काढतात. कॅमेरा गावात आल्यापासून प्रत्येक जोडपं. मी चौकात येऊन भगवानला फोन लावला.

“लग्नाचे फोटो?” तो म्हणाला. “पंडिता, तुला तिकडं कोणी काही पाजलं का?”

“प्रत्येक घरातला अल्बम मागव. मागं खांब दिसतात, तुळ्या दिसतात.”

“अन् न्हाई जमलं तर?”

“तर सही करतो. आनंदानं.”

भगवान खाकरला. मग, “माझ्या लग्नाच्या फोटोत मी लई बारीक दिसतो. तो मी बिलकुल देणार न्हाई.” आणि फोन ठेवला.

उरलेले दिवस आम्ही गॅलऱ्या बघितल्या, नदीत बोटीनं फिरलो, घुमटावरून शहर बघितलं. सगळं अप्रतिम. पण मला जिथेतिथे काळे दगड दिसत होते आणि त्यांच्यामागे रविवार.

शनिवारी रात्री घरी पोचलो आणि रविवारी सकाळी देवळात गेलो तर मोकळ्या जोत्यावर सतरंजी, सतरंजीवर अल्बम. भगवाननं दवंडीच दिली होती. त्याचाही फोटो होता, आणि तो खरंच बारीक होता. पाथरवट भिंग घेऊन फोटो न्याहाळत होता, पण चेहरा पडलेला. “खांबांचं वरचं दिसून राह्यलं, गुरुजी. खालचे थर माणसांच्या मागं दडले. तेवढ्यावर जमायचं न्हाई.”

तेवढ्यात कौसाबाई पुढे आल्या. सत्तरीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या. सुनंदाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा खांब माह्या जावंचा. माहा त्याच्या शेजारचा, उगवतीकडचा.”

“तुमचा म्हणजे?”

“दर शिवरात्रीला मीच धुते न्हाई का. ज्या घरचा खांब, त्या घरच्या सुनंनं धुवायचा. माह्या सासूनं मला दिल्ता.” त्या दगडांच्या राशीकडे गेल्या आणि हात फिरवत चालल्या. एका दगडाशी थांबल्या. “ह्यो खालचा. इथं खळगा हाय, पाणी साचतं. ह्याच्यावर तो, कोपरा उडालेला.”

पाथरवटानं दोन्ही दगड एकावर एक ठेवून बघितले. बसले.

मग बाकीच्या बाया उठल्या. पुढचा तासभर राशीत नुसता कालवा चालला होता. “हा माहा न्हाई गं, तुहाच!” “तुह्या सासूनं कधी धड धुतला का!”

“अहो पण कौसाबाई,” मी न राहवून विचारलं, “तीन महिने आम्ही डोकं धरून बसलो होतो. आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही कुणी इचारलं का?”

भगवाननं ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि जेसीबीवाल्याला फोन करायला बाजूला गेला.

काही दगड कुणालाच ओळखू आले नाहीत. तिथे नवे बसतील, वेगळे दिसतील. दिसू देत. ड्रेस्डेनहून मी चॉकलेटं आणली, ती संपली. फोटो आणले, ते फोनमध्ये आहेत. पण उजळ भिंतीतला तो काळा दगड डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि त्याच्याशेजारी आता कौसाबाईंचा हात दिसतो.

संध्याकाळी मी पुन्हा आकडे घालायला बसलो. या वेळी ऑइलपेंट, मुकाट्यानं. कौसाबाईंनी डब्यात डोकावून बघितलं.

“त्यानं न्हाई भागायचं, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “छिन्नीनं खोदून घ्या. मंडप व्हायला वरीस लागंल, अन् शिवरात्रीला मी पुन्हा धुणार हाय.”